बाकाची ती एक फळी

प्रश्न : मी सात-आठ वर्षं कथा आणि कविता लिहायचे, जोडीला थोडी रेखाटनंही करायचे. गेलं दीड वर्ष वही कोरी आहे. घर, बसस्टॉप, ऑफिस, पुन्हा घर. सगळे सांगतात, जरा हळू हो, आजूबाजूला बघ, आपोआप सुचेल. मी तेही करून पाहिलं. आठवडाभर हळू चालले, हेडफोन घरी ठेवले, फोटो भरपूर काढले. चार दिवसांत कंटाळले आणि सुचलं काहीच नाही. आमच्या बसस्टॉपवरच्या बाकाची एक फळी कायम ओली असते, यापलीकडे सांगण्यासारखं माझ्या दिवसात काही नाही. माझी नजरच मेली आहे का?

उत्तर : नमस्कार. नजर मेलेली असती तर ती फळी तुम्हाला दिसलीच नसती. शिवाय तुम्ही 'कायम' हा शब्द वापरला आहे. तो वापरायला तीच फळी निदान तीन-चार वेळा बघावी लागते, आणि शेजारच्या फळ्या कोरड्या आहेत हेही बघावं लागतं. त्या फळीकडे शेवटी येऊ. आधी तुमचा आठवडा कुठे फसला ते पाहू, कारण तुम्हाला मिळालेला सल्ला अर्धाच होता.

हळू झाल्याने वेळ मिळतो, पण दिसायला लागतं असं नाही. हात समोर लांब करून अंगठ्याचं नख बघा. एका क्षणी डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग साधारण तेवढाच असतो. नजर सेकंदाला तीनेक वेळा उड्या मारत असे तुकडे गोळा करते आणि मधल्या जागा मेंदू अंदाजाने, आठवणीने भरतो. नव्या जागी अंदाज चुकतात, म्हणून तिथे आपण टक लावून बघतो. रोजच्या वाटेवर अंदाज सहसा बरोबरच येतो, म्हणून मेंदू नव्याने बघायचे कष्ट घेत नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये निकरसन आणि अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी लोकांपुढे एका सेंटच्या नाण्याची १५ चित्रं ठेवली. त्यांतलं एकच बरोबर होतं. आयुष्यभर ते नाणं हाताळलेल्यांपैकी निम्म्यांनासुद्धा ते ओळखता आलं नाही. ही परीक्षा घरीही घेता येते. आपल्या घराचं दार बाहेरून कसं दिसतं ते ५ मिनिटांत आठवणीने काढा, मग बाहेर जाऊन ताडून बघा. बिजागऱ्या किती, कडी कोणत्या बाजूला, खालच्या कडेचा रंग कुठून कुठपर्यंत उडालाय. चुका होतील तिथे लाल पेन्सिलीने खूण करा. तुमच्या नजरेने गाळलेल्या गोष्टींची ही पहिली यादी.

दुसरी अडचण लक्षाची. १९९९ मध्ये सायमन्स आणि चॅब्रिस यांनी केलेला प्रयोग तुम्ही ऐकला असेल. चित्रफितीतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला ते मोजायला सांगितलं, आणि मधून गोरिलाच्या वेशातलं माणूस चालत गेलं तरी सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ते दिसलं नाही. लोक हा प्रयोग माणसाच्या कमकुवतपणाचा पुरावा म्हणून सांगतात. आम्हाला त्यात उपयोगाची गोष्ट दिसते : लक्षाला जे काम द्याल ते लक्ष चोख करतं. बसस्टॉपकडे जाताना तुमच्या लक्षाला 'बस चुकेल का' एवढंच काम असतं, आणि ते ते करत राहतं. हळू चालताना तुम्ही ते काम काढून घेतलंत, पण दुसरं दिलं नाहीत. रिकामं लक्ष आजूबाजूला बघत बसत नाही. ते उद्याच्या कामांकडे आणि कालच्या भांडणांकडे वळतं. तुम्हाला चौथ्या दिवशी आलेला कंटाळा तिथला आहे.

म्हणून रोज डोळ्यांना एक प्रश्न द्या. तो अरुंद हवा. 'काय सुंदर आहे?' हा प्रश्न चालत नाही, कारण त्याचं उत्तर आधीपासून पाठ असतं. 'दोन वेगळे पदार्थ कुठे कुठे एकमेकांना भिडतात?' हा चालतो. लाकूड आणि लोखंड, भिंत आणि माती, काच आणि रंग. अशा सांध्यांवरच गंज, फटी, शेवाळ, डागडुजी असतात, म्हणजे काहीतरी घडून गेलेलं असतं.

आता जागा आणि वेळ. आठवडाभर जागा एकच, वेळही तीच, रोज १५ मिनिटं. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण बदल कळायला तुलना लागते आणि तुलनेला पुन्हा पुन्हा येणं लागतं. उभ्याने करू नका, पाय पाच मिनिटांत कुरकुरतात. पाठीमागे भिंत किंवा झाड असू द्या. पाठ उघडी असेल तर अर्धं लक्ष मागे राहतं. फोनवर १५ मिनिटांचा गजर लावून तो पिशवीत टाका. किती वेळ झाला हे बघायला फोन हातात घेतलात तर ती बैठक मोडली असं समजा.

या १५ मिनिटांत काय होतं ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच उठणार नाही. पहिली तीन-चार मिनिटं नावं सुचतात : झाड, खांब, भिंत, सायकल. यादी संपते. मग एक कोरडा पट्टा येतो. इथे काही नाही, उगाच बसलोय, लोक काय म्हणतील. बहुतेक जण इथेच उठतात आणि 'करून पाहिलं, जमलं नाही' म्हणतात. हा पट्टा पार केला की नावांच्या जागी संबंध दिसू लागतात. कोण कशाला टेकलंय, काय काय एकाच उंचीवर आहे, काय हललं आणि काय हलायला हवं होतं पण हललं नाही. हार्वर्डमध्ये कला-इतिहास शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकच चित्र सलग तीन तास बघायला लावतात. उडणारी खार पाळलेल्या एका मुलाचं कॉप्ली या चित्रकाराचं १७६५ मधलं चित्र त्यांनी स्वतः असंच पाहिलं. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटाकडच्या केसाळ झालरीचा आकार जुळतो, हे त्यांच्या लक्षात यायला ९ मिनिटं लागली. साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर खालच्या पेल्याच्या रुंदीएवढंच आहे, हे २१ मिनिटांनी दिसलं. पडद्याच्या चुण्यांत तोच कान आणि डोळा पुन्हा आलेत, हे दिसायला तब्बल ४५ मिनिटं. आयुष्य चित्रं बघण्यात घालवलेल्या माणसाची ही गत, मग पाचव्या मिनिटाला काही दिसलं नाही म्हणून तुम्ही खट्टू होण्याचं कारण नाही.

सात दिवसांचे सात प्रश्न आम्ही सुचवतो. पहिला, सांध्यांचा, वर आलाच. दुसऱ्या दिवशी झीज शोधा. अरुंद जिन्याच्या पायरीला मध्ये एकच खोलगट जागा पडते, रुंद जिन्याला पुष्कळदा दोन, चढणाऱ्यांची एक आणि उतरणाऱ्यांची एक. कोपऱ्यावरच्या भिंतीला हाताच्या उंचीवर मळका पट्टा असतो, गवतातून आखून न दिलेली पायवाट गेलेली असते. झीज म्हणजे माणसांच्या सवयीची नोंदच, आणि लिहिणाऱ्याला तिच्याइतकं फुकटचं भांडवल दुसरं नाही. या प्रश्नाला एक दिवस कमी पडला तर दोन द्या.

तिसऱ्या दिवशी सावल्या. झाडाखालचे कवडसे बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी उंच फांद्यांखालचे कवडसे गोल किंवा लांबुळके पडतात, कारण लहान फटीतून आलेला प्रत्येक कवडसा हे सूर्याचंच चित्र असतं. त्याची रुंदी फटीच्या उंचीच्या साधारण शंभराव्या भागाएवढी असते, म्हणजे पाच मीटर वरच्या फटीचा कवडसा सुमारे पाच सेंटीमीटर. याच कारणाने पायाजवळच्या काठीची सावली रेखीव असते आणि उंचावरच्या बारीक तारेची जमिनीवर जवळजवळ पोचतच नाही. हे ठाऊक असलं की सावलीची धूसर कड बघून ती किती उंचावरून आली ते ओळखता येतं, आणि रेखाटनात सगळ्या सावल्या सारख्याच काळ्या रंगवण्याची सवय सुटते.

चौथ्या दिवशी डोळे मिटून आवाज. वहीच्या मधोमध फुली मारा, ती तुम्ही. सर्वांत लांबचा आवाज आधी शोधा, मग जवळ जवळ या. जो ज्या दिशेने आणि जितक्या अंतरावरून येतो तिथे टिंब द्या. जवळून सुरुवात केली तर मोठे आवाज लांबच्यांना झाकून टाकतात, म्हणून हा उलटा क्रम. पाचव्या दिवशी फक्त माणसांचे हात, चेहरे नाहीत. चेहरा बघितला की आपण लगेच स्वभाव ठरवून मोकळे होतो; हात बघताना ती घाई होत नाही, आणि अनोळखी माणसाकडे टक लावून बघितल्यासारखंही वाटत नाही.

सहाव्या दिवशी एका जाड कागदाला ३ सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर उंच भोक पाडा. तो डोळ्यापासून ३० सेंटीमीटरवर धरा आणि दुसरा डोळा मिटा. दहा मीटरवरचा एक मीटर रुंदीचा तुकडा त्यातून दिसेल. तेवढाच १५ मिनिटं बघा, हलवू नका. समोरचं सगळंच टिपायच्या धडपडीने ज्यांना काहीच टिपता येत नाही, त्यांना याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. रेखाटायचं असेल तर कागदाकडे न बघता, नजर कडेवरून जितकी सरकेल तितकीच पेन्सिल सरकवा. चित्र बिघडणारच. कड मात्र पाठ होते. सातव्या दिवशी प्रश्न नको, नुसतं बसा.

चालण्याबद्दल थोडं. मुद्दाम हळू चालताना लक्ष पायांवरच राहतं. नेहमीच्या चालीने चाला आणि दर ५० पावलांनी एक मिनिट थांबा. ५०० पावलं आणि १० थांबे मिळून हे १५ मिनिटांत होतं. गाड्यांचा रस्ता असेल तर बघणं फक्त थांब्यावर, चालताना नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं : नोंद. लिहिलेलं नसेल तर बघितलेलं बहुतेक दुसऱ्या दिवशी उरत नाही. खिशात मावणारी साधी वही घ्या. भारी वही घेऊ नका, तिचं पहिलं पान खराब होईल या भीतीनेच ती कोरी राहते. फक्त उजव्या पानावर लिहायचं, डावं पान सोडून द्यायचं, त्याचं काम नंतर आहे. वर तारीख, वेळ, उजेड कोणत्या बाजूने. खाली पाच ओळी. प्रत्येक ओळीत एक वस्तू, एक क्रियापद आणि जमलं तर एक आकडा. 'सुंदर', 'उदास', 'प्रसन्न' असे शब्द पहिल्या आठवड्यात बंद. उपमाही बंद. कवितेच्या माणसाला हे जिवावर येईल, पण कारण ऐका. उपमा सुचली की बघणं थांबतं, आणि पहिली सुचणारी उपमा बहुधा दुसऱ्या कुणाची तरी वापरून झालेली असते.

'संध्याकाळी रस्ता उदास वाटत होता' ही ओळ घरी बसूनही लिहिता आली असती. हीच संध्याकाळ अशी लिहा : '६:४०. दिवे लागले. तिसरा खांब दोनदा लुकलुकून विझला. फोनवर बोलत येणारी माणसं त्या अंधाऱ्या टप्प्यात आवाज खाली आणतात.' उदास हा शब्द नाही, आणि वाचणाऱ्याला जे वाटायचं ते वाटतं.

क्रियापदावर इतका जोर का, तर आपल्या भाषेचा खजिना तिथेच आहे. दिवा मिणमिणतो, तारा लुकलुकतो, घासलेलं भांडं लखलखतं, तेल लावलेलं लाकूड तकाकतं. दार करकरतं, पत्रा खडखडतो, पानं सळसळतात. हे शब्द शोभेचे नाहीत, ती मापं आहेत. 'लुकलुकतो' लिहायचं की 'मिणमिणतो', हे ठरवायला पुन्हा वर बघावं लागतं : उजेड जातोय-येतोय, की आहे पण कमी आहे? नेमका शब्द मिळेपर्यंतचे ते दहा-वीस सेकंद म्हणजे तुमचं खरं निरीक्षण. शब्द अडला तर जागा रिकामी सोडा आणि दुसऱ्या दिवशी तेच बघायला जा, पण 'होतं' आणि 'दिसत होतं' यांनी ती भरू नका.

फोटोंचं काय? फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले, त्या नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन फोटो काढला तेव्हा मात्र आठवण कमी झाली नाही. म्हणून आधी दोन मिनिटं बघा, तीन ओळी लिहा, मग एकच फोटो, तोही तुकड्याचा. तो लगेच कुणाला पाठवू नका. दाखवायचं ठरलं की आपण दुसऱ्यांना काय आवडेल ते बघायला लागतो.

आणि सुचणं? ते या १५ मिनिटांत होईल अशी वाट बघू नका, त्या अपेक्षेनेच बैठक नासते. ते आठव्या दिवशी होतं. त्या दिवशी बाहेर जायचं नाही. अर्धा तास घ्या, ३५ ओळी वाचा, आणि ज्यांच्यापाशी अडखळलात अशा तीन ओळींना खूण करा. मग दोन वेगळ्या दिवसांच्या दोन ओळी शेजारी ठेवून डाव्या पानावर लिहायला घ्या. समजा एक नोंद अशी आहे : 'दाराच्या मुठीवरचा रंग फक्त खालच्या टोकाला उडालाय.' दुसरी : 'समोरच्या खिडकीत ७ ला दिवा लागतो, पडदा हलत नाही.' मुठीचं खालचंच टोक कोण धरतं? ज्याचा हात वर पोचत नाही तो. दिवा लागतो पण पडदा हलत नाही, म्हणजे खिडकीशी कुणी येत नाही. या दोन ओळींचं घर एकच आहे असं धरलं की एक लहान मूल उभं राहतं, आणि त्याची वाट बघणारं किंवा न बघणारं कुणीतरी. एकट्या नोंदीतून क्वचितच काही उगवतं. दोन नोंदींत जे जुळत नाही, ते जुळवताना कथा येते.

जोड्या सुचत नसतील तर उठून चालायला लागा. स्टॅनफर्डमध्ये ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये दाखवलं की चालताना लोकांना कल्पना जास्त सुचतात. पण एकच बरोबर उत्तर शोधायच्या कोड्यात चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. तेव्हा जोड्या चालताना लावा, निवड बसून करा. निवडलेल्या जोडीवर त्याच दिवशी १५० शब्द किंवा १० ओळी लिहा. चांगल्याच हव्यात असं नाही.

दुसऱ्या आठवड्यात जागा तीच ठेवून वेळ बदला. मावळतीनंतरचा अर्धा तास घेऊन बघा. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि त्या वेळात लाल रंग आधी काळवंडतो, हिरवा-निळा मात्र मागे उजळ राहतो. फोनच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की हा सराव बराचसा वाया जातो.

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. वहीच नव्हे, तर आधी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त काळ फिक्या वाटत असतील, झोप-भूक बदलली असेल, तर ही नजरेची अडचण नाही. तेव्हा हे प्रश्न बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. नुसता थकवा असेल तर त्या दिवशी बैठक सोडून झोपा. पेंगुळलेले डोळे काही टिपत नाहीत.

आता ती फळी. 'ओली असते' असं तुम्ही लिहिलंत. ओली कशाने होते? वरून पाणी ठिबकत असेल, तर गोष्ट छपराची आहे, किंवा छपरावर काही ठेवून विसरलेल्या कुणाची. लाकडातून झिरपत असेल, तर एकच फळी का, ती नंतर बसवलेली आहे का, तिचं लाकूड वेगळं आहे का? आणि निथळलेलं पाणी असेल, तर तुमच्या आधी तिथे रोज कुणीतरी ओलं काहीतरी घेऊन बसतं. तीन क्रियापदं, तीन वेगळ्या कथा, आणि त्यांतली कोणती हे इथे बसून आम्हाला सांगता येणार नाही. उद्या दहा मिनिटं लवकर निघा. बाकाच्या कोरड्या टोकाला बसा, आणि आधी वर बघा.